माळ्यावरच्या कंपन्या

पपईचे पैसे आले की शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीतली तरणी पोरं हल्ली त्यातले थोडे मोबाइलवरून शेअरमध्ये टाकतात. ओढा तंत्रज्ञानाच्या कंपन्यांकडे. आलेख सगळे बघतात, घरातला माळा कुणी बघत नाही. तिथे आणि आसपास जे पडून आहे, त्याची ही यादी.

कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी. आता हिंगाची. कोडॅकच्याच इंजिनिअरने १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला होता. रोलचा धंदा बसेल म्हणून कंपनीने तो वर्षानुवर्षं मागे ठेवला. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

व्हीसीडी. पाखरं हाकलायला शेतात दोरीवर. मोझर बेअरने एके काळी २८ रुपयांत सिनेमा विकला. आधी फ्लॉपी, मग सीडी, डीव्हीडी, पुढे सौर पॅनेलसुद्धा. काळाची पावलं या कंपनीला कळत होती, पण प्रत्येक पाऊल उसन्या पैशावर पडत गेलं. २०१८ मध्ये ती मोडीत काढायचा आदेश झाला.

व्हिडिओकॉनचा डबडा टीव्ही. औरंगाबादची कंपनी, म्हणून जरा आपली वाटायची. टीव्ही काही संपला नाही, घरोघरी आहेच. कंपनी तेल, मोबाइल सेवा, असं चहूकडे हात पसरत कर्जात रुतली. २०१८ पासून दिवाळखोरीची कारवाई, आणि २०२१ साली आलेल्या आराखड्यात शेअरवाल्याच्या वाट्याला शून्य.

एसटीडी बूथचा पिवळा बोर्ड. बूथ गेले, तारही जुलै २०१३ मध्ये बंद. तारखात्याचे शेअर नव्हते, त्यामुळे कुणी हळहळलं ते फक्त आठवणींसाठी.

विहिरीवरचं डिझेल इंजिन. वीज आली आणि ते भंगारात गेलं. किर्लोस्करांची इंजिनं मात्र जनरेटरमध्ये जाऊन बसली. वीज जाते तोवर त्यांना गिऱ्हाईक आहे, आणि वीज जाईल की नाही, ही काळजी आपल्याकडे करावी लागत नाही.

वनस्पती तुपाचा डबा. इथे थांबायला हवं. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी १९४५ साली आपल्याच खानदेशात, अमळनेरला निघाली. तूप, साबण. १९७७-७८ च्या सुमाराला आयबीएमने भारत सोडला. ती रिकामी जागा अझीम प्रेमजींनी हेरली आणि पुढे संगणकात उतरले. तीच विप्रो. अमळनेरात ज्यांनी तिच्या शेअरचे कागद जपले ते श्रीमंत झाले. त्यांच्या दूरदृष्टीचं फार कौतुक होतं. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच जणांना ते कागद विकायचे सुचलेच नसतील. आणि ज्यांनी फेब्रुवारी २००० च्या तेजीत शिखरावर हाच शेअर घेतला, त्यांची कंपनी जगली, पैसे मात्र कित्येक वर्षं अडकून पडले.

म्हणून विचारायचं ते एवढंच: कमाई एकाच वस्तूवर किती, कर्ज किती, आपलाच चालता माल स्वतः मोडीत काढायची मालकाची तयारी आहे का, आणि या सगळ्याला आपण भाव काय देतोय. वस्तू टिकेल का, हा प्रश्न त्यानंतरचा.

शेवटची वस्तू, खुद्द शेअरचा कागद. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला दिलं गेलं. आता त्याच आधारावर, कागदाऐवजी शेअर ठेवायचं डिमॅट खातं घरबसल्या उघडतं. कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करून विकणं १ एप्रिल २०१९ पासून बंद. आजोबांच्या पेटीत असा कागद सापडलाच, तर आधी वारसाची कागदपत्रं गोळा करा आणि नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते बघा.