पाठ बघितलीस का?

आर. के. पुरम,
नवी दिल्ली.

चि. चिमणीस,


तुझं पत्र मिळालं. मिरजेची हवा मानवली, होस्टेलवर मैत्रिणी झाल्या, हे वाचून बरं वाटलं. पण शेवटी जे लिहिलंस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. सकाळभर चादरी घालायच्या, स्पंजिंग करायचं, बेडपॅन द्यायचं, रुग्णाचं तोंड पुसायचं. खरं नर्सिंग कधी शिकवणार, असं विचारतेस.

हेच खरं नर्सिंग आहे, चिमणे. व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप हे सगळं तू नोकरीला लागल्यावर शिकशीलच, आणि निवृत्त होईपर्यंत ती यंत्रं कितीदा तरी बदललेली असतील. पलंगावर पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर येणारा दाब मात्र आज आहे तसाच तेव्हाही असेल.

अरुणा शानबागचं नाव तू ऐकलं असशील. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच तिच्यावर अमानुष हल्ला झाला, मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा उठली नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने ती गेली. मधली साडेएकेचाळीस वर्षं केईएमच्या सिस्टरांनी तिला सांभाळलं. लोकांना तिचं नाव आठवतं ते दयामरणाच्या खटल्यामुळे. त्याचा निकाल ७ मार्च २०११ ला इथे दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात लागला. त्या निकालावर पुष्कळ लिहिलं गेलं, वकिलांनी, डॉक्टरांनी, पत्रकारांनी. मला मात्र त्या सगळ्या कागदांत एकच गोष्ट सर्वांत मोठी वाटते: सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणाला एकदाही बेडसोअर झाला नाही, असं रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी न्यायालयाला कळवलं होतं.

याचा अर्थ काय होतो, हे आता तुला कळू शकेल, कारण आता तू कूस बदलायला शिकली आहेस. सदतीस वर्षं कुणी ना कुणी तिची पाठ बघत होतं. रात्रपाळीत, गणपतीत, पावसाने लोकल बंद पडलेल्या दिवशीसुद्धा. ज्या सिस्टरांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या निवृत्त झाल्या, आणि १९७३ नंतर जन्मलेल्या मुलींनी ते काम पुढे चालवलं. तिला कुठलं सूप आवडतं, हेही त्यांना ठाऊक होतं. ऐंशीच्या दशकात तिला तिथून हलवण्याचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा नर्सेस उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. पाठ कोरडी ठेवणं, भरवणं, तोंड साफ करणं, अंथरूण बदलणं. तू ज्याला कंटाळली आहेस तेच.

आता बेडसोअर होतो कसा, ते बघ. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथे रक्त पोचत नाही. माकडहाड, टाचा, खुबा, खांद्याची पाती, कोपर, डोक्याची मागची बाजू या अशा दाबाच्या जागा. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि कुशीवर करताना अगदी खुब्यावर न टेकवता पाठीला उशी लावून तीसेक अंशांत कलतं ठेवायचं. रुग्ण खाली सरकला की त्याला काखेत धरून ओढू नकोस. ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस पुढे सरकतं. ड्रॉ शीट दोघींनी दोन बाजूंनी धरायची आणि उचलून वर घ्यायचं. चादरीच्या सुरकुतीवरून तुमच्या मॅडम रागावतात म्हणतेस. त्या सुरकुतीवर एखादा पक्षाघाताचा रुग्ण रात्रभर पडून राहिला, तर सकाळी तिचा वळ त्याच्या पाठीवर दिसतो, आणि त्याला तो जाणवलेलाही नसतो. त्यांचं रागावणं अगदी बरोबर आहे.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघ. दाबल्यावर तो फिका पडत नसेल, तर जखम आतून सुरू झाली. इथे एक गोष्ट मी तुला पुस्तकाबाहेरची सांगते. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताने बघावं लागतं: आजूबाजूच्या कातडीपेक्षा जागा गरम लागते का, कडक किंवा भुसभुशीत लागते का, रंग जांभळट झालाय का. आमच्या शिक्षणात स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची पद्धत होती. आता लाल झालेली जागा चोळायची नाही असं शिकवतात, आणि ते योग्य आहे. चोळल्याने आतला भाग जास्त दुखावतो.

इथे आर. के. पुरममध्ये मुलाच्या क्वार्टरवर राहायला आले, तेव्हा परिचारिका म्हणून माझी ड्युटी संपली होती. काम संपलं नाही. ही सरकारी नोकरांची वसाहत. एकाच जिन्यात तमिळ, गढवाली, बंगाली आणि आपलं मराठी घर. म्हातारे आईवडील गावाहून मुलाकडे येतात, आणि एखाद्याला पक्षाघात झाला की वरच्या मजल्यावरच्या खोलीतच अडकतात, कारण या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. एम्स आणि सफदरजंग हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे जीव वाचतो. पण मोठ्या रुग्णालयातून रुग्ण लवकर घरी सोडतात, आणि पुढची सेवा सुनेच्या नाहीतर रोजंदारीवर ठेवलेल्या बाईच्या अंगावर पडते. त्यांना कुणीही काही शिकवलेलं नसतं. मग जिन्यातल्या बायका मला बोलावतात. त्यांना वाटतं मी बीपी बघेन. मी आधी आजींना कुशीवर वळवते आणि पाठ बघते.

दिल्लीच्या हवेचं वेगळंच असतं. जूनमध्ये कूलरच्या दमट हवेत रबरी मॅकिन्टॉशवर झोपवलेल्या रुग्णाची पाठ घामाने भिजून राहते. ओली कातडी लवकर फाटते. जीभ कोरडी पडते, लघवी गडद होते, आणि घरचे म्हणतात, म्हातारी हल्ली झोपूनच असते. ती झोपलेली नसते, तिला पाणी मिळालेलं नसतं. जानेवारीत उलटं. थंडी लागेल म्हणून अंग पुसणंच बंद करतात, आणि लकवा मारलेल्या पायापाशी गरम पाण्याची पिशवी ठेवतात. त्या पायाला चटका कळत नाही. भाजल्याचे असे फोड मी इथे बघितले आहेत. बधिर अवयवाला थेट शेक द्यायचा नाही, हे वाक्य तू प्रत्येक नातेवाइकाला सांग. आपल्या सरकारी वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला किती रुग्ण येतात, ते तू बघतेसच. दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस ती एकटी बदलू शकत नाही. म्हणून नातेवाइकाला शिकवणं हा आपल्या देशात नर्सिंगच्या पायाचाच भाग आहे. मात्र शिकवून मोकळी होऊ नकोस. त्याने केलेलं तू जाऊन बघायचं.

स्पंजिंगला कंटाळतेस, पण डोक्यापासून तळपायापर्यंत माणूस तुझ्या नजरेखालून जातो तो त्याच वेळी. राउंडला आलेल्या डॉक्टरांना छाती आणि चार्ट दिसतो. सलाइनची शीर लाल होऊन दुखतेय, एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलीय, तोंडात पांढरे चट्टे आलेत, दंडावर घरी कुणीतरी मारल्याचे वळ आहेत, हे सगळं स्पंजिंग करणारीला दिसतं. आणि माणूस बोलतो तोही तेव्हाच. माझ्या वॉर्डात बिहारमधून आलेल्या बायका नवऱ्यासमोर डॉक्टरांना जे सांगत नसत, ते पडदा ओढून पाठ पुसताना सांगत. पडदा ओढायला विसरू नकोस, आणि जेवढा भाग पुसतेस तेवढाच उघडा ठेव. बेड नंबरने हाक मारू नकोस. 'काकू, आता डावा हात घेते' असं सांगून मगच हात लाव. शुद्धीत नसलेल्यालाही सांग. ऐकू येत असू शकतं.

श्वास मोजण्याबद्दल मला फार पोटतिडकीने लिहायचं आहे. चार्ट उघडून बघ, अख्ख्या वॉर्डाचा श्वास मिनिटाला २० लिहिलेला असतो. चाळीस माणसं एकाच गतीने श्वास घेत नाहीत. तो आकडा न मोजता लिहिलेला असतो, आणि ते रुग्णाशी खोटं बोलणं आहे. मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो. तो २६-२८ वर गेला, तर बीपी अजून ठीक दिसत असतानाही शरीर सांगत असतं की काहीतरी बिघडतंय. नाडी मोजून झाली की मनगटावरची बोटं तशीच ठेव आणि नजर छातीकडे ने, म्हणजे रुग्णाला कळत नाही आणि श्वास बदलत नाही. पूर्ण एक मिनिट मोज. श्वासाची किंमत आम्ही इथे पाहिली आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये या शहरात ऑक्सिजनसाठी माणसं वणवण करत होती. त्या दिवसांत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या कोविड रुग्णांसाठी सूचना काढल्या: पालथं झोपा, उशा अशा लावा, ठरावीक वेळाने कूस बदला. पालथं झोपवल्यावर ऑक्सिमीटरवरचा आकडा चढताना आमच्या जिन्यातल्या लोकांनी पाहिला. कूस बदलण्याला हलकं काम म्हणणाऱ्याला हे सांग.

हात धुण्याचं तुम्हाला रोज सांगत असतील. साबणाने धुतलेस तर ४० ते ६० सेकंद, हॅण्डरब चोळलास तर २० ते ३०. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, आणि त्याच्या पलंगाला, टेबलाला हात लावल्यावरही. हातमोजे घातले म्हणजे हात धुतले असं होत नाही. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ, हे सगळं ओठ हलवून म्हणत जा. लाज वाटली तरी म्हण. राइल्स ट्यूबमधून भरवताना उशाकडची बाजू वर असलीच पाहिजे. आणि केलेलं लगेच लिही. 'रुग्ण ठीक' हे लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. माकडहाडावर दोन बोटं रुंद लाली, दाबल्यावर जात नाही, उजव्या कुशीवर वळवलं, इतके वाजता: असं लिही, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला तिथून पुढे काम करता येतं.

तुझ्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, बेडपॅन द्यायला चार वर्षं कशाला शिकायची, असं कॉलनीतलं कुणीतरी म्हणाल्याचं. हे आजचं नाही. दुसऱ्याच्या मळाला, रक्ताला हात लावणं आपल्या समाजाने कायम खालच्या पायरीचं मानलं, आणि म्हणून हे शिक्षण घ्यायला घराघरांतून मुली येत नसत. मुंबईच्या जे. जे.मध्ये १८९१ साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव तुझ्या इतिहासाच्या धड्यात येईल. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने मुलींना, त्यांत कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. त्या मुलींना घरच्यांकडून आणि दारच्यांकडून काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना कर. आणखी एक नाव सांगते. इथून जवळच भिकाजी कामा प्लेस आहे, त्या नावाचं मेट्रो स्टेशनही आहे. रोज हजारो लोक तिथे चढतात-उतरतात. मादाम कामांनी १९०७ साली श्टुटगार्टला भारताचा झेंडा फडकवला, एवढं त्यांतल्या काहींना माहीत असतं. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी मुंबईत प्लेग आला, तेव्हा सुखवस्तू पारशी घरातली ही बाई रुग्णांची सेवा करायला गेली आणि तिला स्वतःला प्लेग झाला. ती वाचली. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुल्यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं, आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच त्या गेल्या. सावित्रीबाईंना आपण पहिली शिक्षिका म्हणून वंदन करतो. मला वाटतं, परिचारिकांनीही त्यांच्यावर हक्क सांगायला हवा.

वॉर्डातल्या मावशींशी आणि मामांशी आदराने वाग. रुग्णाला कसं उचलायचं हे त्यांच्याकडून शिक. त्यांच्या हातांना ते पुस्तकाआधीपासून येतं. पण स्पंजिंग त्यांच्यावर टाकून तू काउंटरवर बसून राहू नकोस. आज टाकलंस तर आयुष्यभर टाकशील, आणि मग रुग्ण तुला फक्त कागदावर दिसेल. स्वतःची पाठही सांभाळ. वाकताना गुडघ्यात वाक, पलंग उंच करता येत असेल तर कर. जेवण टाळू नकोस.

पुढच्या पत्रात मला परीक्षेचे मार्क नको लिहूस. ज्याला तू या आठवड्यात स्पंजिंग केलंस अशा एका रुग्णाबद्दल लिही. नाव नको, गाव नको, ते आपलं गुपित. त्याची पाठ कशी होती, टाचा कशा होत्या, श्वास किती होता, आणि वहीत न लिहिलेलं असं त्याने तुला काय सांगितलं, तेवढं लिही. मी वाट बघते.

तुझी,
आत्या