काकांचा आवाज

वरातीतला आपला बँजो जपानी तैशोगोतोच्या घराण्यातला. ते वाद्य १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिताने घडवले. नांदूरघाटात हे सांगितले तर लोक हसतील!

आमच्या पार्टीचा बँजो गिटारच्या प्रोसेसरमधून वाजतो. जुना प्रोसेसर काकांचा. त्याची पायाने दाबायची बटणे झिजली, ऐन वरातीत आवाज जाऊ लागला. ऊसतोडीची माणसे परतली की लग्नसराई. तेव्हा हे परवडत नाही. म्हणून २०१६ साली निघालेला बॉसचा जीटी-१ घेतला. तो चार पेनसेलवरही चालतो. भोंग्यांना जनरेटर लागतोच, ही गोष्ट वेगळी. स्वतः बसवलेल्या ९९ आवाजांना त्यात जागा आहे.

आम्हाला हवा होता एकच. काकांनी बसवलेला आवाज जुन्यातून उचलून नव्यात ठेवता येत नाही. एकाचा गेन ५० म्हणजे दुसऱ्याचा ५० नव्हे. आणि विचारावे तर काका आता नाहीत. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून तीन रात्री मी तोच सूर छेडत बसलो. डिले जुळला, डिस्टॉर्शन जुळेना. आई आतून म्हणाली, "हा भाऊजींचा न्हाई."

चौथ्या रात्री ट्रेबल उतरवला, रिव्हर्ब काढूनच टाकला. आई काही बोलली नाही. हातातले काम ठेवून उंबऱ्याशी येऊन बसली. तो आवाज पहिल्या नंबरवर साठवला आहे. जुने यंत्र विकलेले नाही.