केंटकींतील अश्वसमाधि

अमेरिकेंतील केंटकी प्रांतीं लेक्सिंग्टन नगराभोंवतीं दूरवर कुरणेंच कुरणें पसरलीं आहेत. तेथें जाणाऱ्या प्रवाशानें एका घोड्याची समाधि अवश्य पाहावी. ‘मॅन ओ’ वॉर’ हा तांबूस अश्व १९१७ सालीं जन्मला आणि २१ पैकीं २० शर्यती जिंकून १९२० सालींच निवृत्त झाला. पुढचीं २७ वर्षें प्रजावृद्धि आणि दर्शन देणें, एवढाच त्याचा व्यवसाय! पुत्र ‘वॉर अ‍ॅडमिरल’ यानें १९३७ सालीं तेथील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकिल्या. सुप्रसिद्ध ‘सीबिस्किट’ हा नातू.

परंतु वाचकहो, मला अधिक मोल वाटतें तें विल हार्बट या कृष्णवर्णी मोतद्दाराचें. तीर्थोपाध्यायाच्या चोपडींतही नसेल अशी वंशावळ तो ‘फॅरावे फार्म’वर आलेल्यांना रंगवून सांगे. त्या काळीं त्या प्रांतीं कृष्णवर्णीयास गोऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची मुभा नव्हती. पण या आख्यानाला गोऱ्यांचीही दाटी होई. ऑक्टोबर १९४७ मध्यें हार्बट वारला. १ नोव्हेंबरला घोडाही गेला. विरहानें गेला, असें लोक म्हणतात. तीस वर्षांच्या घोड्याला निराळें कारण लागत नाहीं. तरी ही समजूत मोडण्याचें माझ्या जिवावर येतें.

त्याचे अवशेष पुढें ‘केंटकी हॉर्स पार्क’ या उद्यानांत हलविण्यांत आले. हर्बर्ट हॅझेल्टाइन यांनीं घडविलेला त्याचा ब्राँझचा भव्य पुतळा तेथेंच उभा आहे.