दिल्लीचे नेहरू प्लेस : एका शांत पंख्याच्या शोधात

राजधानीस येणारा प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो, राजघाटावर क्षणभर नतमस्तक होतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून परत फिरतो. दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस त्याच्या यादीत सहसा नसते. तथापि आजच्या भारतीय कुटुंबाच्या घरात कोणत्या नव्या गरजा शिरल्या आहेत हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने एखादी सकाळ या ठिकाणासाठी अवश्य राखून ठेवावी. रविवार मात्र टाळावा. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात.

येथे २०१० सालापासून मेट्रो थांबते आणि आज ती काश्मीरी गेटहून निघते. स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले की वाहनांचा रस्ता मागे राहतो आणि आपण एका विस्तीर्ण फरसबंद चौकात येतो. दिल्ली विकास प्राधिकरणाने कालकाजीच्या शेजारी वसविलेले हे व्यापारी केंद्र. चौकाभोवती उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांची नावे वाचूनच मराठी माणसास गंमत वाटते : मेघदूत, मंजूषा, देविका, हेमकुंट! कालिदासाच्या यक्षाने ज्या मेघास निरोप दिला त्याच्या नावाच्या इमारतीत आज संगणकाचे सुटे भाग विकले जातात. खाली चौकात फेरीवाले पिशव्या, तारा आणि छापयंत्रांची शाई मांडून बसलेले असतात. चार पावलांवर कापडाची मोठमोठी दुकाने आहेत. एकाच खेपेत पडद्यांचे कापड आणि मुलाच्या संगणकाचा भाग घेऊन जाणारी कुटुंबे येथे नित्य दिसतात.

वाचकहो, आज आपण येथे एका लहानशा वस्तूच्या शोधात आलो आहोत. ती म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरवर बसणारा बुटका आणि शांत कूलर. दिल्लीकरांच्या तोंडी ‘कूलर’ म्हणजे खिडकीत बसविलेली ती मोठी पेटी, जिच्यात वाळ्याच्या ताट्या पाण्याने भिजत राहतात आणि पंखा गार हवा आत ढकलतो. आपला कूलर हाताच्या तळव्यावर मावतो. तळाशी तांब्याचे बूड, त्यावर पातळ पत्र्यांची दाट रांग आणि माथ्यावर पंखा, एवढाच त्याचा संसार. चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्याही असतात. नळीतील किंचित पाणी तापलेल्या टोकाशी वाफ होते, थंड टोकाशी जाऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. अशा रीतीने उष्णता बुडाकडून पत्र्यांकडे जाते. तेथून ती हवेत सोडणे हे पंख्याचे काम.

एवढ्याशा वस्तूसाठी इतका खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. शहरातील घरे लहान झाली, म्हणून संगणकही लहान झाले. १७० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चौरस पाटावर, ज्यास मिनी आयटीएक्स म्हणतात, आज संपूर्ण यंत्र मावते आणि ते पुस्तकांच्या फळीवर ठेवता येते. परंतु ते ज्या खोलीत असते तीच बहुधा झोपण्याचीही खोली असते. माझे भाषांतराचे काम रात्री चालते आणि चार हातांवर माझी वृद्ध आई निजलेली असते. तिची झोप सावध. पंख्याने सूर चढविला की ती जागी होते आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहते. काम थांबविणे मला शक्य नाही, आणि तिची झोप मोडणे मनास पटत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आईच्या जागी तान्हे मूल असेल किंवा पाळीवरून परतलेला भाऊ असेल. या निवडीचे महत्त्व एवढ्यावरून ध्यानात यावे.

मेघदूत इमारतीतील एका लहान दुकानात गल्ल्यावर बसलेल्या बाईंना मी ‘सर्वांत शांत कूलर’ मागितला. त्यांनी फळीकडे हात न नेता पोलादी मोजपट्टी पुढे सरकविली आणि विचारले, “भाईसाहेब, पेटीच्या आत उंची किती?” पुढचा प्रश्न प्रोसेसर किती वॉटचा, आणि तिसरा, खोलीत वातानुकूलन आहे की नाही. हे तीन प्रश्न आपणही पाठ करून ठेवावेत. या खरेदीचे सारे मर्म त्यांत आहे.

प्रथम उंची. प्रोसेसरच्या पाठीपासून पेटीच्या झाकणापर्यंतचे अंतर घरीच मोजून यावे. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एन. एच. एल-९आय हा प्रसिद्ध कूलर पंख्यासह ३७ मिलिमीटर उंच आहे, थर्मलराइटचा ए. एक्स. पी. ९०-एक्स ४७ नावाप्रमाणेच ४७ मिलिमीटर. हे दहा मिलिमीटर क्षुल्लक नव्हेत. तेवढे उंच पत्रे म्हणजे उष्णता सोडण्यास तेवढी अधिक जागा. यास्तव मावेल तेवढा उंच कूलर घ्यावा, परंतु झाकणास अगदी चिकटेल असा घेऊ नये. छिद्रांच्या जाळीला खेटून फिरणारा पंखा गुणगुणू लागतो. शेजारी उभ्या असलेल्या स्मृतिपट्ट्या आड येत नाहीत ना, हेही पाहावे. इंटेलच्या १२०० क्रमांकाच्या सॉकेटभोवतीच्या छिद्रांत ७५ मिलिमीटर अंतर होते. २०२१ साली आलेल्या १७०० क्रमांकाच्या सॉकेटसाठी ते ७८ झाले. म्हणून जुन्या साठ्यातील कूलर घेताना त्यासोबत योग्य पट्ट्या आहेत की नाहीत याची खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. खोक्यावर ‘६५ वॉट’ छापले म्हणजे यंत्र तेवढीच वीज घेईल असे नव्हे. ए. एम. डी. चा ६५ वॉटचा म्हणविणारा प्रोसेसर भर कामात ८८ वॉटपर्यंत जाऊ शकतो. इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय-५ १२४०० या ६५ वॉटच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ११७ वॉट आहे.

तिसरी गोष्ट हवेची, आणि येथे आपल्या देशातील ग्राहकाने विशेष सावध असावे. थंड देशांतील परीक्षणे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. समजा, एखादा कूलर मंद गतीने फिरताना दर वॉटमागे ०.६ अंश तापमान चढू देतो. ६५ वॉटला ३९ अंश झाले. खोली २१ अंश आणि पेटीतील हवा तीहून ५ अंश उष्ण धरली, तर प्रोसेसर ६५ अंशांवर राहील. मे महिन्यातील दिल्लीत खोली ४० अंशांवर गेली की तोच आकडा ८४ होतो. ८८ वॉट असतील तर तो ९८ वर पोचेल, आणि अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यानच असते. मग पंखा किंचाळतो, यंत्राची गती मंदावते आणि ग्राहक दुकानदारास दोष देतो. यावर सोपा उपाय असा की यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये जाऊन विजेची मर्यादा खाली आणावी. लेखन, वाचन, हिशेब अशा घरगुती कामांत त्याने फारसा फरक जाणवत नाही. जी उष्णता निर्माणच झाली नाही, ती घालविण्यास पंखाही लागत नाही.

आवाजाचा हिशेबही असाच आहे. पंख्याची गती निम्म्यावर आणली तर हवा निम्मी होते. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानास तो निम्मा वाटतो. वर सांगितलेल्या ३७ मिलिमीटरच्या कूलरचा पंखा मिनिटास २५०० फेऱ्यांवर २३.६ डेसिबल आवाज करतो, तर १८०० फेऱ्यांवर अवघा १४.८. म्हणून चार टोकांच्या जोडणीचा, गती कमी-जास्त करता येणारा पंखा घ्यावा आणि त्यास शक्य तेवढे मंद फिरू द्यावे.

खरेदी आटोपली, पावती खिशात ठेवली, की लगेच मेट्रो गाठू नका. आस्थाकुंज उद्यानाच्या पलीकडे, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, १९८६ साली खुले झालेले कमलमंदिर आहे. फारिबोर्ज साहबा या वास्तुशिल्पकाराने संगमरवराने मढविलेल्या २७ पाकळ्या रचल्या आणि भोवती नऊ जलकुंडे ठेवली. त्यांची शोभा सर्वांना दिसते. त्यांचे काम थोड्यांच्या लक्षात येते. बाहेरची हवा कुंडांवरून येताना निवते, खालून सभागृहात शिरते, आणि तापलेली हवा वर चढून शिखरावाटे निघून जाते. पंख्यांचे साहाय्य तेथेही घेतले आहे, परंतु मुख्य भार हवेच्या मोकळ्या वाटेवर टाकला आहे. आत सर्वजण मौन पाळतात आणि त्या मौनास कोणत्याही यंत्राची घरघर बाध आणीत नाही. आपल्या पुस्तकांच्या फळीवरील पेटीसही हाच न्याय लावावा : खालून वा बाजूने गार हवेस वाट, वरून उष्ण हवेस वाट, आणि भिंतीपासून चार बोटे अंतर.

दिल्ली ज्यांना दूर आहे त्यांनी खंत करू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोड, बंगळूरात एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट आणि कोलकात्यात चांदणी चौक येथे हाच माल मिळतो. बसविताना थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा, आणि दिल्लीसारख्या धुळीच्या गावी दर दोन-तीन महिन्यांनी पत्र्यांतील धूळ मऊ कुंचल्याने काढावी. धुळीने बुजलेला उत्तम कूलर स्वस्तातल्या स्वच्छ कूलरहून अधिक ओरडतो. जाण्यापूर्वी उंची, वॉट आणि उन्हाळ्यात आपल्या खोलीचे तापमान हे तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ती चिठ्ठी हातात असली म्हणजे कोणत्याही शहरातील दुकानदार आपणास योग्य वस्तू दाखवील, आणि घरातील निजलेल्या माणसास आपल्या रात्रीच्या कामाचा उपद्रव होणार नाही.