उसनें हृदय

मराठी भाषेनें हृदयावर जितका भार घातला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या अवयवावर घातला असेल. तें द्रवतें, भरून येतें, प्रसंगीं दुसऱ्यास अर्पणहि केलें जातें. शेवटची गोष्ट मात्र कवींच्या हातून शस्त्रवैद्यांच्या हातीं गेली. १९६७ च्या डिसेंबरांत केप टाउन येथें डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं एकाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें; रोगी १८ दिवस जगला. पुढच्याच फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तोच प्रयोग केला. तो रोगी कांहीं तासांतच दगावला.

ही शस्त्रक्रिया आतां पुष्कळ सुधारली आहे. पण एकानें जावें तेव्हां दुसऱ्यानें राहावें, ही अट कायमच आहे. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा अशा हृदयाची वाट पाहत होता. टेलिफोन वाजला कीं त्याची आई लगबगीनें उठे. एकदां ती म्हणाली, "भावोजी, मी देवाजवळ रोज मागतें तें काय? दुसऱ्या कोणाचें तरी मूल जावें, हेंच ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें मुलास हृदय मिळालें. त्या तिथीस ती माउली दरसाल उपवास करते.

म्हणूनच प्रयोगशाळेंत हृदय घडविण्याच्या खटपटीकडे आम्ही निव्वळ कुतूहलानें पाहूं शकत नाहीं. २००८ सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील डॉ. डोरिस टेलर यांच्या मंडळीनें मृत उंदराच्या हृदयांतील पेशी साबणासारख्या द्रवानें धुऊन काढल्या. उरलेल्या पांढुरक्या सांगाड्यांत नवजात उंदरांच्या हृदयपेशी सोडल्या. आठ दिवसांनीं पाहतात तों तें हृदय धडधडत होतें! बळ मात्र प्रौढ हृदयाच्या शेंकडा २ इतकेंच. २०१९ सालीं तेल अवीव येथें डॉ. ताल द्विर यांच्या मंडळीनें माणसाच्या पोटांतील चरबीच्या पेशींपासून सशाच्या हृदयाएवढें हृदय तयार केलें. त्याच्या पेशी आकुंचन पावत, पण एकजुटीनें नव्हे. तीस वर्षें वर्ग सांभाळलेल्या आम्हांस याचें नवल वाटलें नाहीं. हुशार मुलें गोळा करणें सोपें. त्यांना एका ठेक्यांत चालविणें कठीण!

रोग्याच्याच पेशींचें हृदय त्याचें शरीर परकें मानणार नाहीं, हा शास्त्रज्ञांचा हिशेब. आमचा हिशेब निराळा आहे. घडविलेल्या हृदयास कोणी दाता नसेल, आणि कृतज्ञतेची एक जागा रिकामी होईल, हें खरें. पण एखादी आई आपल्या लेंकरासाठीं निःशंक मनानें हात जोडूं शकत असेल, तर ती जागा आम्ही आनंदानें रिकामी सोडूं.