उठली ती आत्या

मी नऊ दिवसांची असताना आई गेली. घरात तेव्हा चार बायका होत्या: आजी, दोन्ही काकू आणि एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली आत्या. काकूंची पोरं त्यांच्या अंगावर पीत होती, आजी भिंतीला टेकून बसली होती. रात्री मी रडले तेव्हा उठली ती आत्या. गाईचं दूध पातळ करून बोंडल्यानं तिनं मला पाजलं. पायावर घेऊन न्हाऊ घालणं, टाळू भरणं, शेक-धुरी, सगळं ती त्या महिन्यात शिकली. साताऱ्याकडच्या आमच्या गावात तिला स्थळं येत होती. तिनं ती एकेक करून परतवली. हे मला धाकट्या काकूनं सांगितलं; आत्यानं कधीच नाही.

पुढे मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागले. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा तास आला की दरवर्षी मी अडायचे. पुस्तकातली गोष्ट बाळंतपणाची होती. पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवलं. द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ते संप्रेरक प्रयोगशाळेत घडवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. कळा आणि पान्हा, एवढंच त्याचं काम म्हणून आम्ही शिकवत होतो. आत्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

वाट दाखवली ती एका इवल्या प्राण्यानं. अमेरिकेतल्या गवताळ रानातला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा, आखूड शेपटीचा जीव जोडीनं राहतो. नर-मादी मिळून पिल्लं वाढवतात. त्याचा डोंगराळ भागातला भाऊबंद मात्र एकलकोंडा. १९९२ मध्ये थॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी दोघांचे मेंदू ताडून पाहिले. ऑक्सिटोसिन दोघांतही होतं. वेगळ्या होत्या त्या ते झेलणाऱ्या ग्राहींच्या जागा. आमच्या शेतात पाट एकच वाहायचा. पाणी कुठल्या वाफ्यात शिरणार, ते दारं कुठं मोडलंय त्यावर ठरायचं. तसंच हे. प्रेअरी व्होलच्या ‘न्यूक्लियस अक्युम्बन्स’मध्ये हे ग्राही दाट होते. मेंदूच्या पुढच्या भागात खोलवर असलेला हा पुंजका. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटते, पुन्हा तिच्याकडे जावंसं वाटतं, त्यात त्याचा मोठा वाटा. डोंगरातल्या व्होलमध्ये तिथं ते विरळ होते.

पण मला हलवलं ते २००६ च्या कामानं. डॅनिएल ओलाझाबाल आणि लॅरी यंग यांनी कधीच न व्यालेल्या प्रेअरी व्होल माद्यांसमोर परकी पिल्लं ठेवली. काही माद्या पिल्लांना चावल्या, काहींनी ढुंकून पाहिलं नाही. काही पहिल्याच भेटीत पिल्लांवर अंग घालून बसल्या. त्या पुंजक्यात जिचे ग्राही दाट, ती अधिक वेळ ऊब देत बसे. तेच ग्राही औषधानं अडवले की ही माया उमटत नसे. स्टाफरूममध्ये हे वाचलं आणि पुढचा तास मी घेऊ शकले नाही. चार बायकांतली एकच का उठली, हा प्रश्न मी जन्मभर बाळगला होता. तोच इथं कुणीतरी पिंजऱ्यापाशी बसून विचारला होता.

२०२३ मध्ये आणखी एक शोधनिबंध आला. ऑक्सिटोसिनच्या ग्राहीचं जनुकच निकामी केलेले व्होल. तरी त्यांनी जोड्या जमवल्या, माद्यांनी पिल्लांना पाजलंही. म्हणजे मायेला एकच दार नाही. मला हायसं वाटलं. आत्याचं ऋण एका रेणूच्या नावावर टाकून मोकळं होणं मला जमलं नसतं. ‘प्रेमाचं संप्रेरक’ हा शब्द मी वर्गात वापरायची, तो त्या दिवसापासून सोडला.

सुट्टीत गावी गेले तेव्हा हे सगळं आत्याला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. शेवटपर्यंत ऐकून तिनं विचारलं, “त्या पिल्लांना रडता येतं का गं?”

“येतं. पण आपल्या कानाला लागणार नाही इतक्या बारीक आवाजात.”

“त्या मादीला लागत असंल की. मला तू ऐकू आलीस, मी उठले.”

गेल्या वर्षी आत्या गेली. तिचे दिवस मी घातले.