सुईच्या टोकावर

रेकॉर्ड प्लेअरमध्ये खरा खेळ कुठे चालतो असं विचारलं की लोक स्पीकरकडे बोट दाखवतात. खरं तर तो चालतो टोनआर्मच्या टोकाला, पेराएवढ्या कार्ट्रिजमध्ये. सुई खाचेत थरथरते, तिच्या मागच्या टोकाचं चुंबक हलतं आणि शेजारच्या वेटोळ्यांत चार-पाच मिलिव्होल्ट तयार होतात. बस्स! पुढचं सगळं म्हणजे तेच मोठ्ठं करून सांगणं.

बाबांच्या टर्नटेबलवरच्या जुन्या कार्ट्रिजचा डावा चॅनेल अधूनमधून गायब होतो. वायरी, पिना सगळं तपासून झालं, दोष आतच आहे. आणि सुई किती तास वाजलीय, देव जाणे.

बाबांचं म्हणणं, "वाजतंय की अजून! कशाला खर्च करतोस?"

पण झिजलेली सुई नुसती वाईट वाजत नाही, ती खाच तासते. हिऱ्याचं टोक गोलसर आहे तोवर ठीक, त्याला सपाट कडा आल्या की त्याची पटाशी होते. बाबांच्या नाट्यसंगीताच्या कितीतरी रेकॉर्ड पुन्हा निघालेल्या नाहीत. सुई विकत मिळते हो, त्या रेकॉर्ड कुठून आणायच्या?

तर शोध सुरू. मूव्हिंग कॉइल प्रकार पहिल्याच फेरीत बाद, कारण त्याचा आवाज साधारण दहापट क्षीण, म्हणजे नवा प्रीअँप आला. मूव्हिंग मॅग्नेटच हवं. स्क्रूंमधलं अंतर अर्धा इंच, हे ठरलेलं प्रमाण, म्हणून बसण्याची चिंता नाही. आर्म मात्र जड आहे. जड आर्मला फार लवचिक सुई लावली तर दोघांची कंपनं ८ हर्ट्झच्या खाली जुळतात आणि जरा वाकडी रेकॉर्ड आली की आर्म होडीसारखा डुलतो. ८ ते १२ हर्ट्झ बरं.

खरी अडचण वेगळीच होती. बाबांकडे एलपी आहेत, तशा आजोबांच्या ७८च्या तबकड्याही आहेत, त्यात बालगंधर्व! ७८ची खाच रुंद, तिला ३ मिलची सुई लागते. एलपीची गोल सुई ०.७ मिलची. ती ७८वर लावली तर खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळते. उलट केलंत तर एलपीची वाट!

शेवटी ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेवर गाडी थांबली. कार्ट्रिज एकच, सुया मात्र बदलता येतात. गोल, लंबगोल, मायक्रोलिनिअर, शिबाटा आणि ७८साठी एसपी. सुई ओढून काढा, दुसरी खोचा, वजन पुन्हा लावा. आमच्या भाषेत प्लग-इन आर्किटेक्चर. शुअरसारख्या कंपनीनेही २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केल्यावर, सुया सहज मिळणं हा माझ्या लेखी मोठा निकष आहे.

एलपीसाठी लंबगोल की मायक्रोलिनिअर? कंपनीच्या मते लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तास, मायक्रोलिनिअरचं १०००. एक एलपी ४० मिनिटांची धरली तर ४५० विरुद्ध १५०० एलपी. किंमत तिप्पट धरली तरी दर एलपीमागे महागडी सुईच स्वस्त पडते. शिवाय तिची कड बारीक असल्याने जुन्या सुईने न घासलेल्या भागाला ती टेकण्याची शक्यता असते. अट एकच, बसवताना कोन काटेकोर हवा. त्यासाठी प्रोट्रॅक्टर आणि ग्रॅमचा छोटा काटा घ्यायचा, वजन २ ग्रॅम लावायचं.

हा हिशेब बाबांना दाखवला. रेकॉर्ड झिजतील म्हणून ते वर्षानुवर्षं फक्त दिवाळीत त्या बाहेर काढतात. बराच वेळ कागद बघून म्हणाले, "म्हणजे दर रविवारी लावल्या तरी चालेल?"

चालेल की! दोन्ही सुयांची ऑर्डर त्याच संध्याकाळी दिली.